कुऱ्हाडीचा दांडा: बिशप जॉन फिशर आणि एका कॉलेजच्या स्थापनेचं प्रकरण

1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे विभागून पहिले आले आणि ‘रँग्लर’ हा शब्द मराठी घरांत कायमचा रुजला. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा ज्या कॉलेजात शिकला त्याचं नाव सेंट जॉन्स. या कॉलेजचा विटांचा भव्य दरवाजा 16व्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. त्यावर लेडी मार्गारेट बोफर्ट या राजमातेचं चिन्ह कोरलेलं आहे आणि संस्थापक म्हणून तिचंच नाव घेतात, ते योग्यही आहे. पण ती गेली तेव्हा कॉलेज जागेवर उभं नव्हतं, आणि कागदावर होतं म्हणावं तर कागदही अपुरे होते. तिच्या पश्चात ते उभं करायला सात वर्षं खस्ता खाल्ल्या तिच्या धर्मगुरूने, म्हणजे रॉचेस्टरचा बिशप आणि केंब्रिज विद्यापीठाचा कुलपती जॉन फिशर याने.

फिशरचं नाव निघालं की लोक त्याच्या शेवटाकडे वळतात. आठव्या हेन्रीला चर्चचा प्रमुख मानायला त्याने नकार दिला, लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैद भोगली आणि 1535 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. या लेखात त्या शेवटाच्या आधीचं, विद्यापीठातलं प्रकरण घेतलं आहे. संस्था उभी करणाऱ्या आणि चालवणाऱ्या कुणालाही त्यातले पेच ओळखीचे वाटतील: देणगीदार अचानक जातो, तोंडी दिलेले शब्द हवेत राहतात, वारस दावा लावतो आणि सगळं ओझं एका माणसाच्या खांद्यावर येतं.

पार्श्वभूमी

फिशर यॉर्कशरमधल्या बेव्हर्ली गावचा. वडील कापडाचे व्यापारी होते आणि तो लहान असतानाच वारले. केंब्रिजच्या मायकलहाउसमध्ये शिकून 1491 मध्ये तो तिथेच फेलो, म्हणजे कॉलेजच्या विद्वान मंडळाचा सभासद झाला. त्याच वर्षी वय कमी असूनही पोपची खास सवलत मिळाल्याने त्याला धर्मदीक्षा मिळाली. 1494 मध्ये तो विद्यापीठाचा प्रॉक्टर झाला. हिशेब, शिस्त आणि विद्यापीठाची बाहेरची कामं हे सगळं प्रॉक्टरकडे असे. अशाच एका कामासाठी ग्रीनिचच्या राजवाड्यात गेला असताना सातव्या हेन्रीची आई लेडी मार्गारेट हिच्याकडे तो जेवला. प्रॉक्टरच्या हिशेबवहीत प्रवासखर्चाच्या नोंदींजवळच त्याने ते जेवण स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. पुढच्या सगळ्याची सुरुवात मला त्या वहीतल्या ओळीत दिसते.

मार्गारेटने त्याला आपला पापनिवेदनाचा गुरू केलं. त्याची चढती कमान थक्क करणारी आहे: 1497 मध्ये मायकलहाउसचा प्रमुख, 1501 मध्ये कुलगुरू, 1502 मध्ये मार्गारेटने सुरू केलेल्या ईश्वरविद्येच्या अध्यासनाचा पहिला अध्यापक, आणि 1504 मध्ये एकाच वर्षात विद्यापीठाचा कुलपती आणि रॉचेस्टरचा बिशप. सातव्या हेन्रीने आईला कळवलं होतं की आजवर आपण पुष्कळ माणसांना फारसा विचार न करता मोठं केलं, आता त्याची थोडी भरपाई एका सद्गुणी माणसाला बढती देऊन करायची आहे. रॉचेस्टर हा इंग्लंडमधला सगळ्यात गरीब धर्मप्रांत. इतर बिशप तो पायरीसारखा वापरत, चार वर्षं काढून मोठ्या जागी निघून जात. फिशर शेवटपर्यंत तिथेच राहिला.

मार्गारेटचा पैसा केंब्रिजकडे वळवणं ही त्याची पहिली मोठी कामगिरी. तिचं दान आधी वेस्टमिन्स्टरच्या मठाकडे जाणार होतं. वेस्टमिन्स्टरला काही कमी नाही, गरज विद्यापीठाला आहे, हे त्याने तिला पटवलं. 1505 मध्ये ‘गॉड्स हाउस’ या छोट्या, पैशाअभावी अडलेल्या संस्थेचं तिने क्राइस्ट्स कॉलेज केलं. हे काम तिच्या हयातीत, तिच्या डोळ्यांसमोर आणि तिच्या सहीशिक्क्याने पार पडलं. पुढच्या प्रकरणाशी तुलना करताना हे लक्षात ठेवायला हवं.

प्रश्न कसा उभा राहिला

दुसऱ्या कॉलेजसाठी जागा हेरली होती सेंट जॉन्स हॉस्पिटलची. हॉस्पिटल म्हणजे आजच्या अर्थाने दवाखाना नव्हे. गरिबांना आणि आजाऱ्यांना आसरा देणारा हा 1200च्या सुमाराचा धर्मादाय मठ होता. केंब्रिजचं सगळ्यात जुनं कॉलेज पीटरहाउस, त्याचे विद्यार्थी सुरुवातीला इथेच राहत होते आणि 1284 मध्ये बाहेर पडले. 1500 नंतर मात्र या जागेची पार रया गेली होती. कर्ज झालं होतं, मालमत्ता विकली-गहाण पडली होती, आणि मठवासी बंधू उरले होते जेमतेम तीन.

एका मरू घातलेल्या धर्मादाय जागेचं कॉलेज करायचं तर तीन जणांची संमती लागे. पहिली राजाची. दुसरी एलीच्या बिशपची, कारण हॉस्पिटल त्याच्या अधिकारात. तिसरी पोपची, कारण धर्मसंस्था बंद करण्याचा अंतिम अधिकार रोमचा. एलीचा बिशप होता जेम्स स्टॅन्ली, मार्गारेटचा सावत्र मुलगा. म्हणजे बाहेरून पाहता सगळं घरातलंच होतं. मुलगा राजा, सावत्र मुलगा बिशप, आणि गुरू कुलपती. बोलणी झाली, होकार मिळाले. मोहोर मात्र कशावरच उमटली नव्हती.

21 एप्रिल 1509 रोजी सातवा हेन्री वारला. 24 जूनला त्याच्या मुलाचा, आठव्या हेन्रीचा राज्याभिषेक झाला. 28 जूनला नवा राजा 18 वर्षांचा झाला आणि 29 जूनला, वेस्टमिन्स्टरच्या मठाधिपतीच्या घरात, मार्गारेट गेली. फिशरने तीन महिन्यांच्या आत आधी मुलाच्या आणि मग आईच्या मरणानंतरचं प्रवचन दिलं. तिच्यावरचं प्रवचन इंग्रजी गद्यात आजही वाचलं जातं. त्या दुःखाच्या आड एक कोरडी वस्तुस्थिती होती. मार्गारेटच्या मुख्य मृत्युपत्रात या कॉलेजचा समावेश नव्हता. तो होता पुरवणीत, आणि त्या पुरवणीवर तिची मोहोर नव्हती.

प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करण्याची कामं पाहिलेल्या माणसाच्या पोटात इथे गोळा येईल. इच्छा स्पष्ट आहे, साक्षीदार आहेत, पैसा आहे, आणि नेमका कागद कच्चा आहे.

समोरचे मार्ग

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे, आठ होते. त्यांत विंचेस्टरचा बिशप रिचर्ड फॉक्ससारखे राजकारणात मुरलेले लोक होते, दरबारातले वजनदार सरदार होते, तिच्या घरचे विश्वासू धर्मगुरू होते. प्रत्येकाला स्वतःचे व्याप होते. हे काम आपलंच आहे असं मानणारा फिशरच होता.

आज मागे वळून पाहताना त्याच्यासमोर चार वाटा दिसतात. पहिली, नव्या कॉलेजचा नाद सोडून उरलेला पैसा क्राइस्ट्सला द्यायचा. तिथे कायद्याचं बळ पक्कं होतं, कुणी हरकत घेतली नसती. दुसरी, तोंडी होकारांच्या भरवशावर तडक जागा ताब्यात घेऊन बांधकाम सुरू करायचं आणि कागद मागून गोळा करायचे. नवा राजा तरुण, खूश आणि दानशूर होता, आजीच्या आठवणी ताज्या होत्या, तेव्हा हे अगदीच अशक्य नव्हतं. तिसरी, राजालाच नवा संस्थापक करून कॉलेज त्याच्या नावावर काढायचं. राजाचं नाव दारावर लागलं असतं तर राजाच्याच वकिलांनी दावा लावला नसता. चौथी, प्रत्येक संमती पहिल्यापासून, एकेक करून, लेखी मिळवायची.

त्याने चौथी धरली. सगळ्यात लांबची आणि सगळ्यात कंटाळवाणी. मला ती बरोबर वाटते, आणि तिसरी त्याने टाळली हे तर फारच बरोबर वाटतं. फिशरच्या लेखी हे कॉलेज म्हणजे मृत स्त्रीला दिलेला शब्द होता. तिच्या नावाऐवजी दुसरं नाव लावून काम सोपं झालं असतं, पण मग ते तिचं राहिलं नसतं.

काय केलं

राजाचा परवाना ऑगस्ट 1509 मध्ये मिळाला, म्हणजे तुलनेने झटपट. एलीच्या बिशपपाशी घोडं अडलं. सावत्र आई होती तोवर हो म्हणणारा स्टॅन्ली आता मोकळा होता. काही लिहून दिलं नव्हतं, त्यामुळे शब्द फिरवला तरी त्याला धरता येत नव्हतं. शेवटी देवाणघेवाण झाली: पहिल्या काही फेलोंची निवड तो करील आणि पुढे कायम एक फेलो एलीच्या बिशपच्या पसंतीचा असेल. ही अट 19व्या शतकापर्यंत चालली. 1509 साली मोहोर वेळेवर न उमटल्याची किंमत कॉलेज साडेतीनशे वर्षं भरत राहिलं!

पोपच्या आज्ञापत्राचीही तीच गत. पहिलं आलं ते मसुद्यातल्या चुकीमुळे कुचकामी ठरलं. पुन्हा रोमला माणूस, पुन्हा खर्च, पुन्हा वाट पाहणं. दुसरं आज्ञापत्र जून 1510 चं आहे.

मग उरले ते तीन बंधू. राजा, बिशप आणि पोप तिघांचे कागद हातात असूनही ही तीन माणसं जागा सोडायला तयार नव्हती. त्यांच्या बाजूने विचार केला तर नवल नाही. उतारवयात नदीकाठचं आपलं ठिकाण सोडून कोण जातं? कॉलेजच्या बाजूने लिहिलेल्या टिपणात त्यांच्या जाण्याची नोंद आहे: 12 मार्च 1511, दुपारी चार वाजता, जलमार्गाने एलीकडे. केंब्रिजहून एलीपर्यंत कॅम आणि ऊझ या नद्यांनी होडीतून जाता येतं. मार्चमध्ये चारला ऊन कलायला लागलेलं असतं, पुढे सपाट पाणथळ प्रदेश. तीनशे वर्षांच्या एका धर्मादाय कामाचा शेवट असा झाला. नोंद करणाऱ्याने तास का लिहिला असेल? बहुधा सुटका झाली म्हणून. मला मात्र ती ओळ वाचताना होडीतले तिघे दिसतात.

बरोबर चार आठवड्यांनी, 9 एप्रिल 1511 रोजी, एक्झिक्युटरांनी कॉलेजची सनद काढली. रॉबर्ट शॉर्टन प्रमुख आणि 31 फेलोंची तरतूद. जुन्या हॉस्पिटलचं प्रार्थनामंदिर पाडलं नाही, त्यातच बदल करून ते कॉलेजचं केलं.

राजाचा दावा

खरा घाव इथून पुढे बसला. मार्गारेटने आपल्या काही जमिनी विश्वस्तांच्या नावे करून ठेवल्या होत्या, त्यांच्या उत्पन्नातून मृत्युपत्राची पूर्तता व्हावी म्हणून. तिचा वारस होता नातू, म्हणजे खुद्द राजा. राजाच्या वकिलांनी त्या जमिनींवर वारसाहक्क सांगितला. घरातल्या जुन्या नोकरचाकरांनीही आम्हाला बाईंनी कबूल केलं होतं म्हणून हात पुढे केला. मृत्युपत्र आर्चबिशपच्या न्यायालयात आणि चान्सरी या राजाच्या न्यायालयात, दोन्हीकडे सिद्ध करावं लागलं. फिशर या काळात धर्मप्रांत सांभाळत होता, विद्यापीठ सांभाळत होता आणि दरबारी खेटे घालत होता. या सगळ्याचं त्याने नंतर टिपण केलं, त्यात एकामागून एक अडथळे मांडले आहेत. तक्रारीचा सूर त्यात जवळपास नाही, थकवा मात्र पानोपानी आहे.

जमिनी गेल्या. वर्षाला सुमारे 400 पौंडांचं उत्पन्न हातचं गेलं. रॉचेस्टरच्या बिशपचं स्वतःचं वर्षाचं उत्पन्न याहून कमी होतं, यावरून खड्डा किती मोठा होता ते कळेल.

हा या प्रकरणातला दुसरा निर्णयबिंदू. दावा हरल्यावर काय मागायचं? फिशरने जमिनी परत मागण्याचा हट्ट सोडला आणि भरपाई मागितली. भरपाई म्हणून त्याला जे मिळालं ते म्हणजे आणखी मोडकळीला आलेल्या धर्मसंस्था. 1516 मध्ये केंटमधलं ऑस्प्रिंजचं धर्मादाय घर आणि 1520 नंतर हायम आणि ब्रूमहॉल इथले जोगिणींचे दोन मठ. हायममध्ये मोजक्याच जोगिणी राहिल्या होत्या आणि वर्तनाच्या तक्रारीही होत्या. या तिन्हींचं उत्पन्न मिळूनही गेलेल्याची बरोबरी होण्यासारखी नव्हती. तरी कॉलेज तगलं.

राजाला यात स्वतःच्या खिशातून एक पेनीही द्यावी लागली नाही. त्याने स्वतःकडे घेतली जमीन आणि भरपाईत दिली ती चर्चची.

निष्पत्ती

जुलै 1516 मध्ये फिशरने स्वतः केंब्रिजला येऊन कॉलेज उघडलं आणि नियमावली दिली. नियमावली तो आयुष्यभर घासूनपुसून घेत राहिला: 1516, 1518, 1524, 1530. त्यात त्याचं मन दिसतं. निम्मे फेलो उत्तरेकडच्या नऊ परगण्यांतले असावेत, ही बेव्हर्लीच्या मुलाने ठेवलेली आठवण. फेलोंपैकी चौथ्या हिश्शाने लोकांना त्यांच्या भाषेत प्रवचन द्यावं, म्हणजे नुसत्या लॅटिन वादविवादात आयुष्य जाऊ नये. ग्रीक आणि हिब्रू शिकवण्याची सोय. युरोपभर नावाजलेला डच विद्वान इरॅस्मस 1511 ते 1514 केंब्रिजला राहून ग्रीक शिकवत होता, तो फिशरच्या आश्रयाने. आणि फिशरने स्वतः ग्रीक शिकायला घेतलं ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर! कुलपती असलेला माणूस त्या वयात मुळाक्षरांपासून सुरुवात करतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याने पदरचे पैसे घालून आणखी चार फेलोंची सोय केली. 1518 मध्ये निकोलस मेटकाफ या आपल्या विश्वासू आर्चडीकनला, म्हणजे धर्मप्रांतातल्या मदतनीस अधिकाऱ्याला, प्रमुख नेमलं. मेटकाफने कॉलेजची आर्थिक घडी बसवली. पुढच्या पिढीत जॉन चीक आणि रॉजर ॲस्कम हे विद्वान, राणी एलिझाबेथचा मंत्री झालेला विल्यम सेसिल अशी माणसं या दरवाजातून बाहेर पडली. त्यांतले बरेच धर्माच्या प्रश्नावर फिशरच्या विरुद्ध बाजूला गेले, पण शिकले त्याच्याच घरात.

कुलपतिपदाची गोष्टही इथेच सांगतो. दर वर्षी फेरनिवडणूक होई आणि दर वर्षी त्यालाच निवडत. 1514 मध्ये त्याने सुचवलं की दरबारात वजन असलेल्या थॉमस वुल्झीला कुलपती करावं, विद्यापीठाचं भलं होईल. वुल्झीने नाही म्हटलं. मग विद्यापीठाने फिशरला तहहयात कुलपती केलं. जमिनीचा दावा चालू असताना त्याला आपली मर्यादा कळली होती, असं यातून दिसतं. त्याच्याकडे चारित्र्य होतं, विद्वत्ता होती, पण राजाच्या कानाशी जागा नव्हती.

कुऱ्हाडीचा दांडा

फिशरच्या मृत्यूनंतर काही दशकांनी लिहिल्या गेलेल्या त्याच्या पहिल्या चरित्रात एक प्रसंग आहे. लहान मठ राजाच्या स्वाधीन करावेत असा विषय धर्मसभेत निघाला तेव्हा तो उभा राहिला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. दांडा नसलेली कुऱ्हाड रानात आली आणि झाडांना म्हणाली, मला एक लहानसं झाड द्या, दांड्यापुरतं. झाडांनी दिलं. दांडा बसल्यावर कुऱ्हाडीने लहानमोठी सगळी झाडं तोडली. लहान मठ द्याल तर मोठे तोडायला तुम्हीच दांडा दिल्यासारखं होईल, असा त्याचा इशारा.

मराठी वाचकाला हे वाचताना चमकल्यासारखं होतं. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण घराघरांत वापरतो. केंब्रिजपासून कोकणापर्यंत, एकमेकांना न विचारता, दोन्हीकडच्या माणसांना तेच झाड दिसलं.

पण या प्रकरणाचा अभ्यास करताना इथे थांबून विचारावंच लागतं: पहिला दांडा कुणी दिला? फिशर पहिला नव्हता. तो केंब्रिजला असताना, 1496 मध्ये, एलीचा तेव्हाचा बिशप जॉन अल्कॉक याने सेंट रॅडेगंडचा जोगिणींचा मठ बंद करून जीझस कॉलेज काढलं होतं. तेव्हा ही वाट मळलेली होती. फिशरने सेंट जॉन्ससाठी एक आणि भरपाईत आणखी तीन अशा चार संस्था बंद केल्या, त्याही रीतसर, पोपच्या मान्यतेने आणि शिक्षणासाठी. पुढे 1524 पासून वुल्झीने ऑक्सफर्डमधल्या आपल्या भव्य कॉलेजसाठी वीसहून अधिक मठ त्याच पद्धतीने बंद केले. ते काम प्रत्यक्ष पाहणारा त्याचा वकील होता थॉमस क्रॉम्वेल. मठ कसा मोजायचा, कागद कसे करायचे, माणसं कशी हलवायची, हे क्रॉम्वेल तिथे शिकला. 1536 मध्ये वर्षाला 200 पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ राजाने कायद्याने घेतले, आणि 1540 पर्यंत एकही उरला नाही. ते तीन बंधू ज्या एलीकडे होडीतून गेले, तिथला मोठा मठही 1539 मध्ये बंद झाला.

फिशरला स्वतःच्या गोष्टीतलं लहान झाड ओळखू आलं असेल का? मला वाटतं, आलं असेल. आपल्या हातून झालेलं डोळ्यांसमोर असल्याशिवाय माणूस अशी गोष्ट सांगायला उभा राहत नाही. त्याच्या आणि राजाच्या कृतीत हेतूचा फरक जमीन-अस्मानाचा होता. मात्र कायद्याच्या कागदावर हेतू उतरत नाही, तिथे उरते फक्त पद्धत.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली आणि सरळ गोष्ट मृत्युपत्राची. सातवा हेन्री 1509च्या सुरुवातीपासून खंगत होता आणि मार्गारेटचं वय 66 होतं. क्राइस्ट्सच्या वेळी फिशरने सगळं तिच्या हयातीत करून घेतलं होतं, म्हणजे कसं करायचं ते त्याला ठाऊक होतं. आजारी माणसापुढे कागद धरायचा संकोच त्याला वाटला असेल. तो तिचा गुरू होता आणि शेवटच्या दिवसांत तिच्या आत्म्याची काळजी घेणं त्याचं काम होतं. पण एक्झिक्युटर तोच, गुरूही तोच. ही दोन कामं दोन माणसांकडे असती तर मोहोरेचा आग्रह दुसऱ्या कुणीतरी धरला असता. या प्रकरणात मला सगळ्यात मोठी चूक हीच दिसते, आणि ती चांगुलपणातून झालेली आहे.

दुसरी, जमिनींची. जमीन विश्वस्तांच्या नावे आणि कॉलेज अजून अस्तित्वातच नाही, या मधल्या अवस्थेत राजाच्या वकिलांना फट मिळाली. कॉलेजची सनद आधी, अगदी पाच फेलोंची का होईना, निघाली असती तर जमीन थेट कॉलेजच्या नावावर चढवता आली असती. इमारत मागून झाली असती.

तिसरी गोष्ट पुस्तकांची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. फिशरचा ग्रंथसंग्रह देशातल्या उत्तम संग्रहांपैकी मानला जाई. त्याने तो रीतसर दानपत्र करून कॉलेजला दिला, आणि हयात असेपर्यंत वापरायला म्हणून स्वतःकडेच ठेवून घेतला. म्हणजे मालकी कॉलेजची, ताबा त्याचा. एप्रिल 1534 मध्ये त्याने राजाच्या नव्या विवाहातल्या मुलांना गादीचे वारस ठरवणाऱ्या कायद्याची शपथ घ्यायला नकार दिला आणि त्याला टॉवरमध्ये टाकलं. राजाची माणसं रॉचेस्टरला गेली आणि त्यांनी इतर चीजवस्तूंबरोबर पुस्तकंही नेली. कॉलेजला तो संग्रह कधीच मिळाला नाही. कागदावर मोहोर नसल्यामुळे 1509 मध्ये जे घडलं, त्याच्या अगदी उलट इथे घडलं: मोहोर होती, वस्तू हातात नव्हती. दरवर्षी एक पेटी केंब्रिजला पाठवली असती तरी निम्मी पुस्तकं वाचली असती. पण वाचणाऱ्या माणसाला हातातलं पुस्तक सोडवत नाही, आणि तो तर त्या वर्षांत धर्मसुधारक लूथरविरुद्ध आणि हेन्रीला जिच्याशी विवाह मोडायचा होता त्या राणी कॅथरिनच्या बाजूने रात्रंदिवस लिहीत होता.

तहहयात कुलपतिपदाचंही एकदा पाहायला हवं. 1514 मध्ये ती सन्मानाची गोष्ट होती. वीस वर्षांनी कुलपती राजद्रोही ठरला तेव्हा विद्यापीठ त्याच्याबरोबर उघड्यावर आलं. 22 जून 1535 रोजी टॉवर हिलवर फिशरचा शिरच्छेद झाला आणि त्याच वर्षी त्याच्या जागी केंब्रिजचा कुलपती झाला तो थॉमस क्रॉम्वेल, आता राजाचा मंत्री. सेंट जॉन्सच्या प्रार्थनामंदिरात फिशरने स्वतःसाठी समाधी तयार ठेवली होती, ती रिकामीच राहिली. त्याच्या नावावरून केलेली मासा आणि गव्हाच्या ओंबीची चिन्हं तिथून काढायला लावली. मेटकाफला 1537 मध्ये पद सोडावं लागलं.

त्याआधी, तो कैदेत असताना, कॉलेजच्या फेलोंनी त्याला लॅटिनमध्ये एक पत्र पाठवलं. तेव्हा त्याच्याशी संबंध दाखवणंही धोक्याचं होतं. आम्ही शिकलो ते तुमच्यामुळे, आमच्याकडे जे काही आहे ते तुमचंच आहे, तुम्हाला लागेल ते मागा, असा त्याचा आशय आहे. टॉवरमध्ये त्याला अंगावर धड कपडे नव्हते आणि पचेल असं अन्न मिळत नव्हतं, हे त्याने क्रॉम्वेललाच लिहून कळवलं होतं. ज्या संस्थेसाठी त्याने सात वर्षं दारोदार मोहोरा गोळा केल्या, तिने त्याला आपण होऊन लिहून दिलेला हा कागद. त्यावर मात्र कुणाची संमती घ्यावी लागली नव्हती.